डाव्या हातचा मळ

वैशाखात दुपारी एक ते चार धुळ्याच्या बाजारात चिटपाखरू नसतं. आग्रा रोडवरची दुकानं शटर अर्ध्यावर ओढून घेतात, आत कूलर घोंघावत असतो आणि गल्ल्यावरचा माणूस खुर्चीतच मान टाकतो. आमचं हार्डवेअरचं दुकान त्याच रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात आहे, वडिलांनी थाटलेलं. गेल्या वर्षी चैत्र-वैशाखात या तीन तासांत मी एकदाही झोपलो नाही. मांडीवर लॅचचं जुनं कुलूप, डाव्या हातात वाकडी पट्टी, उजव्या हातात घरघरणारं एक यंत्र, असा बसलेलो असायचो. घामाने पट्टी निसटायची. कूलर लावला की यंत्राचा आवाज ऐकू यायचा नाही, आणि आवाज ऐकणं हाच निम्मा अभ्यास होता. म्हणून कूलर बंद.

चावीशिवाय कुलूप उघडायचं हे यंत्र भाच्याने आणलं. तो पुण्याला नोकरीला आहे, आणि मामाच्या दुकानात कुलपं विकली जातात म्हणजे मामाला कुलपं उघडताही येत असणार, असा त्याचा समज. दिसायला इलेक्ट्रिक टूथब्रशसारखंच. मूठभर जाडीचा दांडा, आत बॅटरी आणि छोटी मोटर. मोटरच्या आसावर मध्यापासून जरा सरकवून बसवलेली चकती. ती फिरली की पुढे खोचलेली पोलादी सुई वरखाली थडथडते. बाजूला एक स्क्रू. डबीत पाच-सहा सुया, तीन वाकड्या पट्ट्या, आणि कोणत्या देशातल्या इंग्रजीत लिहिलंय ते कळू नये असं एक चिटोरं. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "दात घासताय की कुलूप?"

आमच्या दुकानाच्या ओट्यावर चाचा बसतात. चावीवाले. मी शाळेत होतो तेव्हापासून बसतात. एक लोखंडी पेटी, तिच्यावर पक्का केलेला व्हाइस, कानशींचा गठ्ठा, तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्यांच्या माळा आणि रॉकेलची एक चिमणी. हिंदी आणि अहिराणीची भेळ बोलतात. गिऱ्हाइकाशी हिंदी, माझ्याशी अहिराणी, आणि चावी बसत नसली तर तिसरीच कुठली तरी भाषा. यंत्र सुरू केलं तेव्हा त्यांनी कानस थांबवून मान वळवली.

"हाई काय लई उना रे भो?"

मी दाखवलं. त्यांनी आवाज ऐकला, सुईकडे बघितलं आणि पुन्हा कानस हातात घेतली. "नुसतं गुरगुरस. चावत नही."

पहिले दोन दिवस ते अक्षरशः खरं ठरलं. मी दुकानातलं सगळ्यात खपाऊ कुलूप घेऊन बसलो होतो. अलीगढचं, पितळी अंगाचं, पोटावर 'सात लिव्हर' कोरलेलं. सुई आत घालायची, बटण दाबायचं, घर्रर्र. स्क्रू पिळला, सुई बदलली, पट्टी बदलली. कुलूप ढिम्म. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुईचं टोक आतच तुटलं आणि नव्या कुलपाची किंमत माझ्याच खात्यात पडली. चिटोऱ्यावर एका ओळीत सगळं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. हे यंत्र फक्त पिनांच्या कुलपासाठी.

कुलपं विकून पोट भरणाऱ्या माणसाला लिव्हर आणि पिन यांतला फरक तिसऱ्या दिवशी कळावा, ही लाजच. वडिलांना तो माहीत होता की नाही, आता कोणाला विचारणार. पण सांगतो. लिव्हरच्या कुलपात पत्र्याच्या चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात, एका खिळ्याभोवती डुलणाऱ्या, वरून स्प्रिंगने दाबलेल्या. प्रत्येकीला एक खाच. चावी फिरली की प्रत्येक चकती आपापल्या उंचीला उचलली जाते, सगळ्या खाचा एका ओळीत येतात आणि बोल्टचा दांडा त्यांतून सरकतो. चकती कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरीही अडते. ही दुहेरी अडवणूक रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाची, 1778 सालची. आपल्या खेड्यापाड्यांतल्या खळ्यांवर, गोठ्यांवर, शाळांवर, कापसाच्या गोदामांवर आजही त्याच जातीची कुलपं लोंबत असतात. सुईने धक्के मारून चकत्या नुसत्या थरथरतात. त्यांत तुटून वेगळं व्हायला काही नसतंच.

पिनांच्या कुलपात असतं. बंगल्यांच्या, फ्लॅटांच्या दारांना जे लॅच असतं, ज्याची चावी करवतीच्या दातांची असते, ते हे. अमेरिकेतल्या लायनस येलने 1861 आणि 1865 च्या पेटंटांत त्याला जो आकार दिला, तोच अजून चालतो. मूळ कल्पना मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी. आत एक गोल नळी फिरते. तिच्या डोक्यावर पाच भोकं, प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक, खालची टोकदार, वरची सपाट, आणि त्यांच्यावर स्प्रिंग. वरची पिन निम्मी नळीत, निम्मी बाहेरच्या घरात अडकलेली असते, म्हणून नळी फिरत नाही. बरोबर चावी घातली की दोन पिनांमधला सांधा नेमका नळीच्या कडेवर येतो. पाचही सांधे एका रेषेत आले की नळी मोकळी.

यंत्र ही रेषा चावीशिवाय गाठतं, कॅरमच्या तत्त्वावर. दोन सोंगट्या चिकटवून ठेवा आणि जवळचीला स्ट्रायकर मारा. मार लागलेली जागेवर राहते, पलीकडची सुसाट सुटते. सुई खालच्या पिनेला ठोकते, खालची जवळपास तिथेच राहते आणि वरची स्प्रिंगला दाबत उडते. पापणी लवायच्या आत परत खाली येते. त्या तेवढ्या वेळात दोघींमध्ये फट असते. पाचही ठिकाणी एकदम फट पडली, आणि त्याच क्षणी कुणीतरी नळीला हलकेच फिरवत असलं, तर कुलूप उघडलं. हे 'कुणीतरी' म्हणजे डावा हात. ते कळायला मला तीन आठवडे लागले.

आधी कुलूप आतून बघायचं ठरवलं. जुन्या लॅचचा सिलिंडर सोडवला, मागची क्लिप काढली आणि नळी ओढली. अशा वेळी पाठोपाठ तेवढ्याच जाडीचा दांडा सरकवत न्यायचा असतो, म्हणजे वरच्या पिना घरातच राहतात. ते नंतर कळलं. मी सरळ ओढली. पाच स्प्रिंगा आणि दहा पिना टणाटण उडून काउंटरखाली, खिळ्यांच्या पिंपांमागे आणि टाइल्सच्या फटींत गेल्या. एकेक पिन जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून सगळीकडे फिरवलं. त्याला खिळे आले, वॉशर आले, वडिलांच्या काळातला पेनचा क्लिपसुद्धा आला, पण पिन एकही येईना. पिना पितळेच्या आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे सातवीत पाठ केलेलं सत्य गुडघ्यांवर रांगताना आठवलं. शेवटी बायकोने घरून कणकेचा गोळा पाठवला. तो जमिनीवर दाबत दाबत फिरलो. संध्याकाळपर्यंत गोळ्यात नऊ पिना, चार स्प्रिंगा, भरपूर धूळ आणि एक मेलेली मुंगी. दहावी पिन आजतागायत नाही.

पण या फजितीतून रीत सापडली. नऊच पिना हाती असल्याने पाचांऐवजी चार जोड्यांचं कुलूप करावं लागणार होतं. मग विचार केला, चारच का? एकच जोडी ठेवून पाहू. एका पिनेचं कुलूप यंत्र लावताच फिरलं. मी इतका दचकलो की पट्टी हातातून पडली. मग दोन पिना. मग तीन. प्रत्येक पिनेमागे तीन-चार दुपारी.

स्क्रूचं काम इथे कळलं. सुईची झेप किती, ते तो ठरवतो. एका पिनेला कोणतीही झेप चालते, म्हणून तिथे काही शिकता येत नाही. दोन पिनांना थोडं कळतं. तीन पिनांना स्क्रू नीट नसेल तर कुलूप हूं की चूं करत नाही. झेप लहान असली तर वरची पिन उडतच नाही, आत नुसतं मधमाश्यांचं पोळं गुणगुणतं. झेप मोठी झाली की सुई ठोकायचं सोडून ढकलायला लागते. मग खालची पिनही वरचीबरोबर रेषेच्या पलीकडे जाते आणि आता तीच अडवते. दोन्हींचा आवाज वेगळा. लहान झेपेचा बारीक आणि सारखा, मोठीचा खडखडता, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. हवा तो आवाज या दोघांच्या मध्ये, जरा कोरडा, टिकटिक ऐकू यावी असा. मी स्क्रू पूर्ण ढिला करायचो आणि पाव-पाव फेरा आवळत तो कोरडा आवाज शोधायचो. सापडला की मार्करने दांड्यावर खूण. दुसऱ्या दिवशी खूण तीच, पण आवाज नाही. कारण बॅटरी उतरलेली. उतरलेल्या बॅटरीवर लावलेलं माप भरलेल्या बॅटरीवर चुकतं, ही अक्कल दोन वेळा खूण पुसल्यावर आली.

सुई धरायचीही तऱ्हा असते. ती पिनांखाली सरळ, नळीशी समांतर हवी, पिनांना टेकेल-न टेकेल अशी. मी सुरुवातीला वर उचलून धरायचो, म्हणजे पिना आधीच दाबलेल्या. उडायला त्यांना जागाच कुठे? दारू भरून तोंडाला बोळा कोंबलेल्या उखळीसारखा प्रकार. आणि बटण दाबूनच ठेवायचं नाही. दोन-तीन सेकंदांची एक फैर, सोड, पुन्हा फैर.

एवढं सगळं जमवूनही चौथ्या पिनेशी गाडी अडली. आठ दिवस. उजव्या हाताने जे जे बदलता येईल ते बदलून झालं होतं.

चाचा इतके दिवस पाठमोरे बसून आवाज ऐकत होते. एका दुपारी उठले, आत आले आणि यंत्राकडे न बघता माझ्या डाव्या हाताशी वाकले. नखं पांढरी पडली होती. मी पट्टी अशी धरली होती की जणू ती सोडली तर छप्पर कोसळेल.

"हात ढिला कर."

केला.

"आखो ढिला."

केला.

"आखो."

"चाचा, आता पट्टी पडेल."

"पडू दे."

पडली. त्यांनी ती उचलली, पुन्हा खोचली आणि तिच्या टोकावर माझी करंगळी ठेवली. बाकीची बोटं दूर. करंगळीवर त्यांनी स्वतःचं बोट टेकवलं. कानशीने घासून घासून सालपटलेलं ते बोट, पण त्याचं वजन जाणवेना. माशी बसली तर निदान गुदगुल्या होतात. "इतलंच," म्हणाले आणि परत ओट्यावर गेले.

वाकड्या पट्टीचं चिटोऱ्यावरचं नाव 'टेन्शन'. आणि सूचना अशी, की टेन्शन कमीत कमी ठेवा. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "वीस वर्षं मी काय वेगळं सांगतेय?" विनोद सोडा, कारण यांत्रिक आहे. नळीवर जोर दिला की वरची पिन भोकाच्या काठावर दाबली जाते, चिमट्यात धरल्यासारखी. मग सुईने कितीही ठोका, ती उडणार नाही. जोर अजिबात नसला तर फट पडते आणि मिटते, नळी फिरायचं राहून जातं. पिनेला उडता आलं पाहिजे, पण फट पडली की नळीने ती गाठली पाहिजे, एवढाच भार. पुन्हा तो सारखाही चालत नाही. फैर सुरू झाली की जरा, संपताना त्याहून जरा. यंत्रात झेपेला स्क्रू आहे, पण याला स्क्रू नाही. कारखान्यातून तो बसवून मिळत नाही.

मला वाटतं, यंत्र घेताना माझ्या मनात हेच होतं की हाताचं काम वाचेल. उजव्या हाताचं वाचलंच. चाचांना तारेने एकेक पिन चाचपायला जे पाच-दहा मिनिटांचं ध्यान लागतं, ते माझ्या उजव्या हाताला लागत नाही, तो बटण दाबतो. पण सगळं शिकणं गुपचूप डावीकडे सरकलं होतं. डाव्या हातचा मळ म्हणतात लोक सोप्या गोष्टीला. ज्याने म्हण काढली त्याने कुलूप उघडलेलं नसावं.

मध्येच आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. बहीण माहेरी आली, अंगणात चूल मांडली, खापर पालथं घातलं आणि पुरणाचे मांडे सुरू झाले. आमच्याकडे मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा थोडा मोठा केला की तो दोन्ही हातांवर घ्यायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत झेलत झेलत वाढवायचा, शेवटी खापरावर अलगद टाकायचा. मी शेजारी बसून तिच्या हातांकडे एकटक बघत होतो. ती म्हणाली, "काय रे, भुकेला आहेस का?" मी म्हणालो, तुझे हात किती ढिले आहेत ते बघतोय. तिने वहिनीकडे वळून विचारलं, "याले ऊन लागनं का?" पण मी खरंच बघत होतो. मांडा ती ओढत नव्हतीच. हात फक्त त्याच्या खाली असायचे, मांडा आपल्या वजनाने पसरत जायचा. मी एक करून बघितला. फाटून पुरण चुलीत पडलं आणि भाचरं आठवडाभर मला 'मांडेवाला मामा' म्हणत होती.

आखाजीनंतर चार पिना फिरल्या. मग नवा सिलिंडर फोडला आणि पाच. ज्येष्ठ लागेपर्यंत साधं लॅच मी दोन-तीन मिनिटांत उघडू लागलो. कधी पहिल्याच फैरीत, कधी काही केल्या नाही. चाचांनी माझ्यासमोर एकेक कुलूप ठेवून माझा माज उतरवला. खड्डे-खड्डे असलेल्या सपाट चावीचं, ज्याला बाजारात कॉम्प्युटर चावी म्हणतात, ते. त्यात माझी सुई जातच नाही. मग वरची पिन मध्ये बारीक, डमरूसारखी असलेलं. ते थोडंसं फिरतं, उघडल्याचा भास देतं आणि तिथेच रुसतं. आणि वर्षानुवर्षं तेल घातलेलं. तेलाने धूळ धरून आत काळा चिकट लेप झालेला, पिना मधात बुडाल्यासारख्या. उडणार काय? आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या फुफाट्यात हे फार. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगतो, पिनांच्या कुलपात तेल नको. शिसपेन्सिलचं टोक चावीच्या दातांवर घासा आणि चार वेळा आत-बाहेर करा, बस. त्यात माझा धंदा नाही. पेन्सिल समोरच्या स्टेशनरीवाल्याची खपते.

त्याच दिवसांत चाचांनी एकदा सात लिव्हरचं कुलूप माझ्यासमोर केलं, तेच अलीगढचं, ज्यात माझी सुई तुटली होती. कोरी चावी चिमणीवर धरून काजळीने काळी केली. कुलपात घातली, हळूच दाबून फिरवली, काढली. काळ्यावर केसाएवढ्या चकचकीत रेघा उमटलेल्या. चकती जिथे घासते तिथे काजळी पुसते. त्या रेघेवर कानशीचे दोन हात, पुन्हा चिमणी, पुन्हा कुलूप. वीस-पंचवीस मिनिटांत कुलूप उघडलं. आणि उघडलं एवढंच नाही, हातात चावी होती. हा मोठा फरक. माझं यंत्र दार उघडतं, पण चावी मागे ठेवत नाही. दार पुन्हा ओढलं गेलं की आपण पुन्हा उंबऱ्याबाहेर.

या विद्येची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 122 असं म्हणतं, की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा. आणि कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. मी एक वही केली. कोणाचं दार, कधी, कोणी बोलावलं, शेजारी कोण उभं होतं, वीजबिलावर नाव कोणाचं. वही चाचांकडेही आहे, माझ्यापेक्षा जुनी आणि तेलकट. एकदा एक तरुण पोरगा मोटरसायकलवर आला, म्हणाला मित्राची खोली आहे, मित्र गावाला गेलाय, डबल देतो. मी चाचांकडे बघितलं. चाचा कानशीची भुकटी फुंकण्यात गढून गेले होते. मी नाही म्हणालो. तो गेल्यावर चाचा म्हणाले, जो आधीच डबल बोलतो त्याचं घर नसतं.

मृगाच्या आधीचे दिवस. रात्री अकराला फोन आला, देवपुरातून. ओळखीच्या माणसाच्या शेजारी एक आजी, नातवाला घेऊन एकट्याच होत्या, मुलगा-सून लग्नाला बाहेरगावी. नळ आला म्हणून बादली घेऊन ओट्यावर आल्या, वळवाचं वारं सुटलं, दार धाडकन मिटलं. चावी आत, टीव्हीवर. नातू आत झोपलेला, साडेतीन वर्षांचा. खिडक्यांना गज. दार फोडायला निघालेल्या दोन पोरांना आजींनी अडवून धरलं होतं. पोरगं घाबरेल म्हणून.

पांझरेवरचा पूल ओलांडून पोचलो तेव्हा ओट्यावर आठ-दहा माणसं होती आणि सगळी कुजबुजत होती. आत कूलरचा आवाज, पोर झोपेत. त्याला कळायच्या आत दार उघडावं, असा सगळ्यांचा बेत. आणि मी पिशवीतून काढलं काय, तर घरघरणारं यंत्र.

मोबाइलच्या उजेडात सिलिंडर बघितला. साधा, पाच पिनांचा. नळीत पट्टी घातली, करंगळी टेकवली. पहिली फैर. रात्रीच्या शांततेत दळणाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. आत कूलरच्या मागून आवाज आला, "आजी?" मग पावलं. मग दारावर छोटे हात. मग रडणं. आजी दाराला तोंड लावून सांगत होत्या, "मी आठेच शे रे बाबू, आठेच शे." पोर आतून दार ढकलत होतं. त्यामुळे लॅचची जीभ चौकटीत घट्ट रुतत होती. आणि माझा डावा हात आपोआप, मला न विचारता, दाबायला लागला. दुसरी फैर, काही नाही. तिसरी, काही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "जोर लावा ना भाऊ."

नखं पांढरी झालेली मला मोबाइलच्या उजेडात दिसली. यंत्र बंद केलं. पट्टी पडू दिली. पायरीवर टण्ण आवाज झाला, दोघं हळहळले. आजींना म्हणालो, त्याला म्हणा, दारापासून लांब होऊन दहापर्यंत मोज. आजींनी सांगितलं. आत मुसमुसत आकडे सुरू झाले, चारनंतर थेट सात. पट्टी पुन्हा खोचली, करंगळी, बाकीची बोटं दूर. स्क्रू पाव फेरा मागे. फैर. सातानंतर नऊ आणि नऊला नळी फिरली. कापसात सुरी फिरावी तशी. त्या आवाजाला आवाजही म्हणता येणार नाही.

सगळं मिळून दीड मिनिट लागलं असेल. पोरगं आजींच्या कमरेला चिकटलं, माणसं हसायला लागली, कोणीतरी पाणी दिलं. आजी मात्र दाराकडे बघत उभ्या होत्या. एकदा कुलपाकडे, एकदा माझ्या हातातल्या टूथब्रशकडे.

"इतलं लवकर उघडी गयं? मंग मी रातले झोपू कशी?"

मला उत्तर सुचेना. आतून कडी लावा, वरची आणि खालची, असं काहीतरी म्हणालो. बरोबरच होतं ते, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने इंग्रजांची नावाजलेली कुलपं अशीच उघडली होती. चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप पंचवीस मिनिटांत. ब्रामाचं, जे कित्येक दशकं दुकानाच्या काचेत 200 गिनींच्या आव्हानासकट टांगलेलं होतं, त्याला 51 तास लागले, सोळा दिवसांत विभागून. इंग्लंडभर खळबळ उडाली. आजवर मला वाटायचं, उघडलं याची ती खळबळ. पण ब्रामाच्या कुलपाला निदान 51 तासांचा मान मिळाला होता. आजींच्या कुलपाला मी दीड मिनिट दिलं.

परत येताना पुलाच्या अलीकडे गस्तीवरच्या हवालदाराने गाडी थांबवली. पिशवी उघडायला लावली. यंत्र, सुया, पट्ट्या, वही. माझ्या डोळ्यांसमोर कलम 122. वहीतली शेवटची नोंद अजून ओली होती, आजींचा अंगठा-वजा सही, शेजाऱ्याचा नंबर. त्यांनी बॅटरीच्या उजेडात ती वाचली, आजींच्या शेजाऱ्याला तिथल्या तिथे फोन लावला, मग यंत्र उलटंपालटं करून विचारलं, "डिकीनं लॉक उघडस का यानी?" मी सांगितलं, त्यात पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, तुम्ही उद्या चाचांकडे या.

सकाळी चाचांना सगळं सांगितलं. पोराने आठ कसा गाळला ते ऐकून हसले. मग विचारलं, "कितला टाईम लागना?"

"दीड मिनिट."

"बाई काय बोलनी?"

ते सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली. चिमणीची वात सारखी केली, उगीचच, कारण ती पेटलेली नव्हती.

"पुढला टाईमले धा मिनिटं लाव," म्हणाले.

परवा साक्री रोडला एका निवृत्त मास्तरांचं लॅच अडकलं होतं. मी आधी कुलपाची कंपनी विचारली, ते कधी बसवलं ते विचारलं. चष्मा पुसला. सिलिंडरला कान लावला. फारच भक्कम माल आहे, असं स्वतःशीच बोललो. मग पिशवीची चेन उघडायला घेतली. ती अडली होती. निदान मास्तरांना तसं वाटलं असावं.